घरी भजने मुद्रित करण्यासाठी मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

प्रश्न : सोलापुरात माडीवरच्या खोलीत वडिलांची भजने मुद्रित करायची आहेत, हार्मोनियम, तबला आणि गायन वेगवेगळ्या ट्रॅकवर हवे आहे. विंडोज लॅपटॉप आणि दोन इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारे उपकरण) आहे. ऑडॅसिटी या मोफत मुद्रण-सॉफ्टवेअरवर सुरुवात केली, पण आधी मुद्रित केलेला तबला ऐकत वडील गातात, तेव्हा हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज उशिरा येतो आणि ते सम चुकतात. रीपर हे मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर घ्यावे का?

उत्तर १ : जरूर घ्यावे. ६० दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. मात्र उशिराचे खरे कारण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे इंटरफेस आणि विंडोज यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असते. ऑडॅसिटीच्या तयार आवृत्तीत सहसा आसिओची, म्हणजे विंडोजवर आवाज कमी उशिराने पोहोचवणाऱ्या ड्रायव्हर-पद्धतीची, सोय नसते. रीपरमध्ये इंटरफेसचा आसिओ ड्रायव्हर निवडून बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवला जाणारा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवल्यास ४८ किलोहर्ट्झला तो बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांचाच होतो. मिक्सिंगच्या वेळी तो १०२४ करावा, म्हणजे लॅपटॉपवर ताण येणार नाही.

उत्तर २ : वरील सल्ला योग्य आहे, पण मला क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. हार्मोनियमची पट्टी बदलता येत नाही, म्हणून तबला आधी तिच्याशी जुळवून घ्यावा आणि दोन्ही इनपुट तबला-डग्ग्यासाठी वापरावेत. शेजारी यंत्रमाग असेल, तर त्याची खडखड कोणतेही सॉफ्टवेअर पूर्ण काढू शकत नाही. माग बंद असतानाच मुद्रण करावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. माग शेजारीच आहेत. त्यांच्या सुटीच्या दिवशी बसतो.