वारलेल्या वडिलांच्या नावाआधी ‘लेट’ की ‘एक्स्पायर्ड’?

कोथरूडकर: इंग्रजी अर्जात काय बरोबर?

पेठेतला: ‘लेट’. नावाआधी ‘द’ हवा: ‘द लेट मिस्टर जोशी’. ‘माय लेट फादर’मध्ये नको. पण ‘माय फादर इज लेट’ म्हटलंत, तर बाबा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत!

शब्दवेडा: ‘एक्स्पायर्ड’ औषधाच्या पाकिटावर ठीक. माणसासाठी ‘डाइड’, सांत्वनाला ‘पास्ड अवे’.

पेठेतला: आणि ‘लेट’ अलीकडे गेलेल्यांनाच. १९२० साली गेलेल्या टिळकांना लावलं तर विचित्र वाटतं. आपल्या ‘कै.’ला अशी मुदत नाही.

नारायणपेठी: मृत्युनोंदणीच्या अर्जात मात्र नावाच्या रकान्यात ‘लेट’ किंवा ‘कै.’ नकोच. आधारवरचं नाव जसंच्या तसं लिहा. दाखल्यावर वेगळं छापलं गेलं, तर बँकेत नाव जुळत नाही.