पथदिवे खरेदी: स्वस्त दिवा घ्यायचा की कमी वीज खाणारा?

करवीरकर: आमच्या ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून 120 एलईडी पथदिवे घ्यायचे आहेत. चौकशीत 36 वॅटचा दिवा 1,100 रुपयांना आणि 24 वॅटचा 1,500 ला मिळतोय. उजेड दोन्हींचा सारखाच म्हणतात. महागडा घेतला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल का?

खरेदी_नियम: न्यूनतम दर पाहायचा तो अटी पूर्ण करणाऱ्यांमधला. म्हणून खरं काम अटी लिहितानाच होतं. 'वॅट' मागू नका, उजेड मागा: किमान 2,800 ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) आणि पूर्ण दिव्याचे प्रति वॅट किमान 115 ल्युमेन. 36 वॅटचा दिवा वॅटला 80 ल्युमेन देतो, 24 चा 120. दोन्हींचा उजेड 2,880च. पण स्वस्त दिवा या अटीत आपोआप गळतो.

हिशेब फाइलला लावा. 12 वॅटचा फरक × वर्षाचे 4,015 तास (रोज 11) × 120 दिवे म्हणजे वर्षाला सुमारे 5,780 युनिटची बचत. युनिटला 7 रुपये धरले तर 40 हजारांवर (तुमच्या बिलातला दर घाला). जादा किंमत 48 हजार, ती साधारण 14 महिन्यांत फिटते. आक्षेप येतो तो दर उघडल्यावर निकष बदलला तर. हे कृपा करून टाळा.

उद्यमनगर_विद्युत: एलईडी सहसा टिकते, आधी जातो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारं आतलं सर्किट. गावात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला की 230 च्या जागी 400 व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि एका रात्रीत अख्खी ओळ बंद. म्हणून '440 व्होल्ट सहन करणारा ड्रायव्हर' ही अट घालाच. वळवाच्या विजांसाठी 10 केव्हीचं (किलोव्होल्ट) वेगळं सर्ज संरक्षण, म्हणजे अचानक वाढलेला दाब अडवणारं उपकरण हवं. खांबाला अर्थिंग नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा अर्थिंगही कामात धरा. आयपी 66 (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा), पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामी येते त्याचं प्रमाण) किमान 0.95 आणि एलएम-79 (पूर्ण दिव्याचा उजेड आणि वीजवापर मोजणारी चाचणी) अहवाल मागा. नमुना हातात घेऊन झाकण उघडा: झाकणाच्या कडेची रबरी पट्टी (गॅस्केट) सलग आहे का, केबलचं भोक खालच्या बाजूला आहे का. ते वर असेल तर पावसाळ्यात पाणी सरळ आत जातं.

हमी_आणि_भंगार: पाच वर्षांची हमी कागदावरच राहते, कारण पुरवठादाराची सुरक्षा अनामत आधीच परत दिलेली असते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत ती हमी संपून 60 दिवस होईपर्यंत ठेवायची तरतूद आहे. त्याच धर्तीवर अट घाला.

'कोल्हापूर जिल्ह्यातलाच पुरवठादार' असं लिहू नका, स्पर्धा बांधली म्हणून ते टिकणार नाही. 'तक्रारीनंतर 72 तासांत दुरुस्ती' लिहा. शिरोली, गोकुळ शिरगाव या कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखानदाराला ते सहज जमतं. मात्र उलाढालीची अट अवाजवी ठेवलीत तर नेमका तोच बाहेर पडतो.

जुन्या ट्यूब, सीएफएल भंगारवाल्याला देऊ नका, त्यांत पारा असतो. न फोडता खोक्यात ठेवून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रकाकडे द्यायचं काम पुरवठादाराच्याच आदेशात घाला, आणि त्याची पावती आल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.