डीलरकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली, परत करता येते का? सल्ला हवा आहे

सुकाणू

नमस्कार. १९ दिवसांपूर्वी एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून पेट्रोल हॅचबॅक घेतली, ४ लाख ६० हजारांना. जाहिरातीत लिहिलं होतं : एकच मालक, अपघात नाही, ४३ हजार किलोमीटर. चालवून पाहिली तेव्हा डीलरच्या आवारापासून तीन-चार किलोमीटरची फेरी झाली, काहीच वावगं जाणवलं नाही.

नवव्या दिवशी वडिलांना दवाखान्यात नेताना टेंपरेचरचा काटा एकदम वर गेला. कूलंट भरलं, दोन दिवसांत परत कमी. ओळखीच्या मेकॅनिकचं म्हणणं, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सीलची पट्टी) गेलंय आणि हे इंजिन आधी कधीतरी उघडलेलं आहे. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी काढल्या, तर दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगला रीडिंग ७१ हजार! आज मीटरवर ४४ हजारही नाहीत.

डीलर म्हणतो, "मॅडम, तुम्ही बघून घेतलीत, 'जशी आहे तशी' या कागदावर सही केलीत, आता माझी जबाबदारी नाही." सही मी केली आहे हे खरं. आरसी अजून माझ्या नावावर झालेली नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिन लगेच उघडू या, उशीर केला तर खर्च वाढेल. वडिलांना आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं, त्यामुळे माझाही जीव टांगणीला लागलाय. दुरुस्त करून घेऊ की परत करायच्या मागे लागू?

चौथा_गिअर

इंजिन उघडू नका. बाकी सगळं नंतर.

एकदा हेड उतरवलं की काय बिघडलं होतं आणि कुणी बिघडवलं, हे सिद्ध करायला तुमच्या हातात काही उरत नाही. डीलर सरळ म्हणेल, तुमच्याच मेकॅनिकने वाट लावली. सर्व्हिस सेंटरला सांगा, काम काही करू नका, फक्त तपासा आणि जॉबकार्डवर लिहून द्या : आजचं रीडिंग, कूलिंग सिस्टिमच्या प्रेशर टेस्टचा निकाल, त्यांचं निदान. जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदीची प्रतही तारीख आणि शिक्क्यासह मागा. तोंडी सांगितलेल्या ७१ हजारांना काही किंमत नाही, कागदावर आले की आहे.

गाडी चालवणंही थांबवा. तापलेलं इंजिन रेटत राहिलात तर हेड वाकतं, आणि ते नुकसान मग तुमच्या माथी येतं. वडिलांसाठी तोवर टॅक्सी करा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा, नुकसानभरपाईत मागता येते.

रिव्हर्स_लाईट

जाहिरात अजून दिसतेय का? आत्ताच्या आत्ता स्क्रीनशॉट काढा, पत्ता आणि तारीख दिसेल असा. उद्या नसेल.

शाईचा_ठिपका

ग्राहक आयोगात कामं चालवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या प्रकरणात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र कालवू नका. हेड गॅस्केट हा दोष. मीटर मागे फिरवलेला असणं ही खोटी माहिती. जुन्या वस्तूत थोडीफार झीज असणारच, असा बचाव डीलर पहिल्या मुद्द्यावर करू शकतो. दुसऱ्यावर त्याला तसं म्हणता येत नाही. ४३ हजार हा आकडा त्याने जाहिरातीत छापला, त्यावर किंमत ठरली. म्हणून तक्रारीत मीटर आधी आणि इंजिन नंतर, असा क्रम ठेवा.

'जशी आहे तशी' या कागदाचं भय बाळगू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये 'दोष' म्हणजे काय ते सांगताना, करारात स्पष्ट किंवा गर्भितपणे जे ठरलं असेल आणि विक्रेत्याने वस्तूबद्दल कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल, त्याच्याशीही तुलना होते. गाडी जुनी आहे म्हणून हा कायदा लागू नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. मालविक्री अधिनियम १९३० चं कलम १५ म्हणतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम १६ मध्ये एक अडचण आहे, ती आधीच सांगते : खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. डीलर याच्यावरच बोट ठेवणार. तुमचं उत्तर असं की तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापतही नाही, आणि मीटरमधली फेरफार तर कोणत्याच फेरीत दिसत नाही. लपलेला दोष आणि दिसणारा दोष यातला फरक तिथे मांडा.

आता तारखेकडे लक्ष द्या. अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येत (कलम २, पोटकलम ४७) असं आहे की सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला, पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. तुमचे १९ झाले. या आठवड्यातच लेखी मागणी गेली पाहिजे : गाडी परत घ्या, पूर्ण रक्कम द्या, सोबत जॉबकार्ड आणि नोंदींच्या प्रती. स्पीड पोस्टने पाठवा, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. तक्रारीआधी नोटीस पाठवायलाच हवी असं कायदा म्हणत नाही, पण आयोगापुढे तिचा उपयोग फार होतो.

तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. पण दोन वर्षं आहेत म्हणून थांबणाऱ्यांची प्रकरणं हळूहळू कमकुवत होतात, हे मी रोज बघते.

मला हे कळलं तर पुढचं सांगता येईल : पावती कुणाच्या नावाची आहे, आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले?

वडाची_सावली

माझं मत थोडं वेगळं. कायदा म्हणतो प्रकरण तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. माझ्या भावाचं प्रकरण दीड वर्ष चाललं. शेवटी तो जिंकला, पण तोवर गाडी दारात पडून होती आणि हप्ते चालू होते. अर्धा-अर्धा खर्च करून डीलर दुरुस्ती देत असेल तर घ्यावी आणि मोकळं व्हावं. घरी आजारी माणूस आहे.

शाईचा_ठिपका

वेळ लागतो हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण ७१ हजारांच्या पुढे गेलेल्या गाडीला ४३ हजारांचा भाव देऊन वर अर्धं इंजिन स्वतःच्या पैशाने करायचं, हे मला पटत नाही. उद्या हीच गाडी विकायला काढलीत तर त्या खोट्या मीटरसकट विकणार का? तडजोड करायला हरकत नाही, कलम ३७ मध्ये मध्यस्थीची सोय आहेच. मात्र ती लेखी मागणी गेल्यावर करा. आधी केलेली तडजोड बहुतेक वेळा त्याच्या अटींवर होते.

सुकाणू

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन उघडायचं थांबवलं, जॉबकार्ड मिळालं. सर्व्हिस सेंटरच्या बाईंनी जुन्या नोंदीवर सहीशिक्का करून दिला.

पावतीचं पाहिलं आणि पोटात गोळा आला. डिलिव्हरी नोटवर विकणारा म्हणून जुन्या मालकाचं नाव आहे, डीलरचा फक्त गोल शिक्का. म्हणूनच तो "मी फक्त मध्यस्थ" म्हणतोय. पैसे मात्र असे गेले : ६० हजार यूपीआयने डीलरच्या फर्मला, उरलेले कर्जातून, बँकेने थेट फर्मच्या खात्यात भरले. गाडी माझ्या नावाने, घरच्या वापरासाठी घेतलेली आहे.

चौथा_गिअर

मग घाबरायचं कारण नाही. पैसा फर्मच्या खात्यात गेलाय, जाहिरात फर्मची, चावी फर्मने दिली. बँकेचं स्टेटमेंट आणि कर्ज मंजुरीचं पत्र जोडा.

मुक्काम_पोस्ट

इथे आरटीओची बाजू सांगतो, माझा त्याच कामाशी संबंध आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये बदल झाला, १ एप्रिल २०२३ पासून लागू. नोंदणी झालेल्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मूळ मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा नमुना २९सी मध्ये ते पोर्टलवर कळवायचं असतं, आणि तिथून पुढे डीलर त्या गाडीचा मालक मानला जातो. तेव्हा त्याला लेखी विचारा : तुमचा अधिकारपत्र क्रमांक काय, आणि या गाडीचं २९सी कधी भरलं? भरलं असेल तर "मी फक्त मध्यस्थ" हे त्याच्याच कागदाने खोटं ठरतं. भरलं नसेल तर परिवहन कार्यालयात वेगळी तक्रार होते, आणि त्याचा धाक डीलरला ग्राहक आयोगापेक्षा जास्त वाटतो असा माझा अनुभव आहे.

दुसरं, आरसी. राज्यातल्या राज्यात गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचं असतं. परत करायची ठरवलीच असेल तर नोटिशीत स्पष्ट लिहा की गाडी अमुक तारखेपासून रस्त्यावर नाही, मी ती परत देत आहे, म्हणून हस्तांतरणाची प्रक्रिया थांबवली आहे. आणि खरोखर चालवू नका. आरसी एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याकडे, अशा अवस्थेत अपघात झाला तर जुना मालक, तुम्ही आणि विमा कंपनी तिघंही अडकता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल.

रिव्हर्स_लाईट

हप्ता चुकवू नका. डीलरने फसवलं म्हणून बँक थांबत नाही.

शाईचा_ठिपका

बरोबर. तक्रारीत फर्म आणि जुना मालक दोघांना विरुद्ध पक्ष करा. फर्मवरचा दावा मुख्य, जुना मालक अशासाठी की गाडी देताना मीटर किती होतं हे त्याच्याकडूनच कळू शकतं. त्याला एकदा शांतपणे फोन करा. कित्येकदा तो स्वतःच चकित होतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, ते डीलरला कळवतात आणि पुष्कळ वेळा प्रकरण तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, आणि ५ लाखांपर्यंत फीच नाही. म्हणजे तुम्हाला एक रुपयाही भरायचा नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते, डीलरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. ऑनलाइनही भरता येते. वकील नसला तरी चालतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणाची छापील प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. फोन बदलू नका, मूळ संदेश पुसू नका.

मागणीत काय लिहायचं : पूर्ण किंमत व्याजासह परत, विम्याचा आणि कर्जाचा झालेला खर्च, टॅक्सीची भाडी, मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. आकडा फुगवू नका. पावतीला पावती जुळली की आयोगाचा विश्वास बसतो.

वडाची_सावली

वरचं सगळं वाचून माझं मत बदललं. भावाने हे नियमांचं काहीच विचारलं नव्हतं.

सुकाणू

आजची खबर. नोटीस २४ व्या दिवशी पोचली. जुन्या मालकांना फोन केला, ते म्हणाले, "मी दिली तेव्हा ऐंशी हजारांच्या वर होतं." हे त्यांनी मेसेजमध्ये लिहूनही दिलं. मुक्काम_पोस्ट यांनी सांगितलेले दोन प्रश्न ईमेलने विचारले. त्याला उत्तर आलं नाही, पण संध्याकाळी डीलरचा स्वतः फोन. आधी अर्ध्या खर्चात दुरुस्ती, मग पूर्ण दुरुस्ती, शेवटी म्हणाला गाडी आणून लावा, वापराचे २५ हजार कापून बाकीचे देतो. मी म्हटलं लिहून पाठवा. काय करू?

चौथा_गिअर

कापायचे कशाचे? नऊ दिवस चालली, तीही तापत.

शाईचा_ठिपका

आधी शून्य कपात मागा. चार-पाच हजारांवर अडलं तर तुमचा वेळ आणि वडिलांची तब्येत बघून तुम्ही ठरवा, त्यात हार नाही. पण या गोष्टी झाल्याशिवाय चावी देऊ नका.

रक्कम आधी, किंवा त्याच वेळी डोळ्यांसमोर खात्यात. धनादेश नको. कर्जाची उरलेली रक्कम त्याने थेट बँकेत भरावी, मुदतपूर्व फेडीचा आकार त्याच्याकडून, आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र तुमच्या हातात.

मुक्काम_पोस्ट

तुम्ही सह्या केलेले नमुना २९ आणि ३० (गाडीच्या हस्तांतरणाचे अर्ज) मूळ प्रतींसह परत घ्या, कोरे सह्या केलेले कागद असतील तर तेही. आणि ताबा परत दिल्याची पावती : तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग, गाडीचा आणि चासिसचा नंबर, फर्मची सही. त्या वेळेनंतरचं चलान किंवा अपघात तुमच्या नावावर येऊ नये म्हणून. विमा तुमच्या नावावर केला असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा.

सुकाणू

सोमवारी सकाळी ११ ला जाते आहे, भाऊ सोबत आहे. पावतीचा मजकूर वर लिहिल्याप्रमाणे टाइप करून दोन प्रती काढल्या आहेत. कपात साडेतीन हजारांवर आली आहे, तेवढी मी मान्य केली. जुन्या मालकांना विचारून त्यांचा मेसेज आणि सर्व्हिस सेंटरची नोंद जपून ठेवते आहे, पुढच्या खरेदीदाराला हीच गाडी ४३ हजारांची म्हणून दाखवली गेली तर परिवहन कार्यालयात द्यायला.