वडापला टप्पा वाहतुकीचा परवाना द्यावा का?

कृष्णाकाठ
कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे वाड्यावस्त्यांवरची माणसे तालुक्याला वडापनेच, म्हणजे भरली की सुटणाऱ्या खासगी जीपनेच, जातात. 2021 च्या नोव्हेंबरात एसटीचा संप चिघळला तेव्हा शासनानेच खासगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची तात्पुरती मुभा दिली होती. एप्रिल 2022 मध्ये संप मिटला आणि गरज तशीच राहिली. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार कंत्राटी परवान्याच्या वाहनाला वाटेत थांबून नवे प्रवासी घेता येत नाहीत, आणि वडाप तर त्यावरच चालते. जेथे दिवसाला दोनच एसटी येतात तेथे वडापला टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत थांबून प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा, परवाना द्यावा आणि आसनसंख्येची अट कडक ठेवावी, असे माझे मत आहे. आज अपघात झाल्यास विमा कंपनीची जबाबदारी परवान्यातील आसनसंख्येपुरतीच राहते, त्यामुळे दाटीवाटीने बसलेल्या गरिबाच्या घरच्यांना भरपाईसाठी कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागतात.

मुक्कामी गाडी
मला हे मान्य नाही. डिझेल आणि गाडीचा हप्ता भरलेल्या जागांतूनच निघत असल्यामुळे वडाप भरल्याशिवाय सुटत नाही. बाजारच्या दिवशी ते दर दहा मिनिटांनी मिळेल, पण भर दुपारी फाट्यावर एकट्या उभ्या असलेल्या म्हातारीसाठी ते निघणार नाही. एसटी मात्र अर्धी रिकामी असली तरी वेळेला सुटते, आणि तिचा तोटा गर्दीच्या मार्गांवरच्या उत्पन्नातून भरून निघतो. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट नाही, मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. वडापमध्ये त्याच म्हातारीला पूर्ण भाडे मोजावे लागते. परवाने वाटल्यावर पैसे देणारा प्रवासी जीपकडे जाईल, आगार फेऱ्या कमी करील, आणि ज्या गाडीवर शाळकरी मुलीचा पास चालतो तीच गाडी बंद पडेल.

पाणंद
मी कुबड्या वापरतो, म्हणून दोघांनाही विचारतो. एसटीच्या सवलतीचे कार्ड माझ्याकडे आहे, परंतु तिची पहिली पायरी इतकी उंच असते की कोणीतरी खांद्याला धरून वर घेतल्याशिवाय मला चढता येत नाही. वडापवाला स्वतः उतरून हात देतो, दारासमोर सोडतो. पण गर्दी असली की “मागच्या गाडीनं या” म्हणून निघूनही जातो, कारण माझ्या जागेत त्याचे दोन प्रवासी बसतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. किती माणसे पोहोचली याबरोबरच थांब्यावर कोण मागे राहिले, हेही मोजायला हवे.

कृष्णाकाठ
हा मुद्दा परवान्याच्या अटींतच यावा. सवलतीच्या प्रवाशाला नाकारता येणार नाही, आणि एसटीला सवलतीपोटी शासनाकडून मिळते तशी प्रतिपूर्ती वडापचालकालाही मिळेल, अशी तरतूद करता येईल.

मुक्कामी गाडी
प्रतिपूर्तीसाठी महामंडळालाच शासनाकडे डोळे लावून बसावे लागते. एका जीपच्या मालकाने ते पैसे हाती येईपर्यंत हप्ता कशातून भरायचा? तोच निधी घेऊन दुपारच्या फेरीला खालच्या पायरीची मिनीबस द्यावी, अशी माझी मागणी आहे.