जुनं गोवं रोगानं मेलं की गटारांनी?

मळेकर: रविवारी मुलीला घेऊन फोन्त फेनिक्सच्या झरीवर गेलो होतो. पणजीतल्या फोन्तेन्हास वाड्याला नाव मिळालं ते याच झरीवरून, हे सांगितल्यावर तिचा प्रश्न, "मग आपल्या नळाला खांडेपार नदीचं पाणी का?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय. जुन्या गोव्यात, म्हणजे पोर्तुगीजांच्या तेव्हाच्या राजधानीत, १५४३ साली पटकी (कॉलरा) आली, पुढे साथी येतच राहिल्या. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला आला, १८४३ ला राजधानीचा शिक्काही पणजीवर बसला. जुनं गोवं ओस पडलं, त्यासाठी सगळे रोगाला दोष देतात. मी म्हणतो, दोष बांधकामाचा. चिऱ्याचा दगड भोकाभोकांचा, आणि शौचकूप व विहीर एकाच परसात. चांगलं पाणी बायंगिणीच्या झरीचं, ते घागरींतून शहरात विकायला यायचं. एवढ्या इगर्जी (चर्च) उभ्या करणाऱ्यांना गटारं सुचू नयेत? शहराच्या जगण्यामरण्यात इंजिनियरिंगची भूमिका काय, हा माझा प्रश्न.

फोंड्याचा भाचा: मळेकरसायब, हे फार सोपं केलंत. डचांनी मांडवीचं तोंड अडवलं, व्यापार गेला, माणसं पांगली. मलेरियाही होताच. चिऱ्यातल्या विहिरी तर आमच्या गावातही आहेत, कोणी मेलं नाही. आणि इंजिनियर म्हणजे नळवालाच का? खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस बघा, पाण्याच्या वाटेवरचं लाकडी दार. ओहोटीला दार आपोआप नदीकडे उघडतं, आतलं पाणी जातं. भरती आली की तिच्याच दाबानं बंद, शेतात खारं पाणी नाही. ना मोटर, ना शिपाई. हे कोणत्या कॉलेजात शिकले?

पाईपवाला (निवृत्त): मानशीचं कौतुक मलाही आहे, भाच्या. पण मानस शेत राखते, शहराला पाणी पाजत नाही. तुझ्या गावात घरं किती आणि जुन्या गोव्यात किती, ते आधी बघ. चिरा तोच, पण चार घरांत मिळून शौचाचा एक खड्डा आणि प्रत्येक घराला एक खड्डा यात जमीन-अस्मानाचा फरक. खांडेपारचं पाणी नळाला देणारा ओपाचा प्रकल्प १९५७ चा, पोर्तुगीज असतानाच झालेला. तो नसता तर आजची पणजी झरीच्या पाण्यावर एक दिवसही तगली नसती.

मळेकर: काका, ऑगस्ट २०१९ आठवतो? फोंड्याजवळ कुर्टीला मोठी जलवाहिनी फुटली आणि पणजी कोरडी. आम्ही शेजाऱ्यांच्या विहिरीचं झाकण काढलं. पोहरा वर आला तसा वास आला. सेप्टिक टाकी आठ पावलांवर! चारशे वर्षांत आम्ही काय शिकलो?

पाईपवाला (निवृत्त): हा मुद्दा खरा. नळ आला की विहिरीकडे कोणी बघत नाही. पण तो दोष नळाचा नव्हे, आपला.

कुर्डीची लेक: तुमच्या वादात घुसते. साळावली धरणाचा तो बदकाच्या चोचीसारखा सांडवा बघायला तुम्ही कुटुंबासह जाता, फोटो काढता. दक्षिण गोव्याचे नळ त्यावर चालतात. आमचं कुर्डी गाव त्याच पाण्याखाली. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतो. आम्ही तिथल्या सोमेश्वराच्या देवळात जातो आणि सासूबाई चिखलातून चालत सांगतात, इथं आमची तुळस, इथं बांय (विहीर). बांयचं तोंड अजून ओळखू येतं. इकडे नव्या वसाहतीत मात्र आम्ही टँकरची वाट पाहिली आहे. धरणासाठी गाव दिला त्याच लोकांनी! इंजिनियरिंगची भूमिका विचारता ना? पाणी कुठं नेलं एवढंच सांगू नका, कुणाच्या अंगणावरून नेलं तेही सांगा.

फोंड्याचा भाचा: ताई, याला उत्तर नाही माझ्याकडे. धरण नको, असं तुमचं म्हणणं आहे का?

कुर्डीची लेक: नाही रे. मडगावातले माझे भाचे तेच पाणी पितात, ते काय नको म्हणू? आम्हांला आधी नळ द्यायला हवा होता, एवढंच.

पाईपवाला (निवृत्त): धरणाच्या कागदांवर सही करणाऱ्यांत मी नव्हतो, पण तुमचं बरोबर आहे ताई. मळेकर, तुम्ही उद्या त्या विहिरीचं पाणी तपासायला द्या. आणि बायंगिणीला कचरा प्रकल्प येणार म्हणत होते, ती जुनी झर नेमकी कुठल्या बाजूला आहे?

मळेकर: शोधून सांगतो. मुलीलाही नेतो.