मुंबईचा रिव्हॉल्व्हर परवाना गुजरातमध्ये चालावा यासाठी काय करायचं?

झवेरीबाजार_पेढी

नमस्कार मंडळी. मुंबई पोलीस आयुक्तालयाचा शस्त्र परवाना आहे, .३२ बोअर रिव्हॉल्व्हर, कारण स्वसंरक्षण. क्षेत्राच्या रकान्यात 'महाराष्ट्र राज्य' लिहिलंय. महिन्यातून दोनदा माल घेऊन गाडीनं सुरतला जावं लागतं, कधी विमानानंही. अमेरिकेतला भाचा म्हणतो की तिकडे एका राज्याचा परवाना दुसरं राज्य मान्य करतं. तसं गुजरातची मान्यता घ्यायची तर अर्ज सुरतला करायचा की मुंबईत? आणि मंजुरी येईपर्यंत शस्त्र डिकीत कुलूप लावून, गोळ्या वेगळ्या ठेवून नेलं तर चालेल का?

कलम_तीन

अर्ज मुंबईत. सुरतच्या कार्यालयाचा तुमच्या परवान्याशी संबंध नाही.

भाच्याचं म्हणणं तिथल्यापुरतं बरोबर आहे. अमेरिकेत लपवून शस्त्र बाळगायचा परवाना राज्य देतं आणि बाहेरचे कुठले परवाने मानायचे हेही ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. टेक्सासचा परवाना कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्क मानत नाही. आपल्याकडे 'शस्त्रं' हा विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम मुंबईला लागू आहेत तसेच सुरतला. त्यामुळे गुजरातनं मान्यता देण्या-न देण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या परवान्यावर क्षेत्राची जी एक ओळ आहे तीच सगळं ठरवते. तीत गुजरात नसेल, तर अच्छाडच्या, म्हणजे महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या नाक्याच्या, पुढे तुम्ही विनापरवाना असल्यासारखेच.

ही ओळ राज्याच्या आतही नडते. काहींच्या परवान्यावर फक्त 'बृहन्मुंबई' असतं. असा माणूस दहिसर चेकनाका ओलांडून मिरा रोडला गेला किंवा वाशी पुलावरून नवी मुंबईत उतरला तरी हद्दीबाहेर गेला, कारण ती आयुक्तालयं वेगळी. तुमच्याकडे 'महाराष्ट्र' आहे, म्हणजे तलासरीपर्यंत चिंता नाही.

आता डिकीचं. नेऊ नका. अमेरिकेत १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार रिकामं शस्त्र डिकीत कुलपात ठेवून, जिथे ते बाळगणं कायदेशीर आहे अशा एका ठिकाणाहून तशाच दुसऱ्या ठिकाणी, मधल्या राज्यातून नेता येतं. तसली सवलत आपल्याकडे नाही. डिकीतलं शस्त्रही तुमच्याच ताब्यातलं. पकडलं गेल्यावर परवान्याच्या अटीचा भंग एवढंच धरलं तर शस्त्र अधिनियमाचं कलम ३० लागतं: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्या हद्दीत परवाना लागूच नव्हता असं धरून कलम २५ लावलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षांची गोष्ट आहे. यातलं कोणतं कलम बरोबर, हा युक्तिवाद कोर्टात होतो. तोवर शस्त्र जप्त झालेलं असतं आणि नूतनीकरणाच्या फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना भरायची वेळ येते.

परवाना_शाखा_माहितगार

वरचं सगळं बरोबर. प्रक्रिया सांगतो.

आधी परवान्यावर यूआयएन आहे का ते बघा. हा राष्ट्रीय डेटाबेसमधला क्रमांक. तो नसलेला परवाना वैधच धरत नाहीत, मग क्षेत्र वाढवणं दूरच. यूआयएन असेल तर एलिस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर तो टाकून क्षेत्र वाढवण्याची सेवा निवडायची. ऑनलाइन अर्ज भरून काम संपत नाही. छापील प्रत, मूळ परवाना आणि कागद घेऊन आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जावं लागतं. पुढे तुमच्या पोलीस ठाण्याचा अहवाल, गुन्हे अभिलेखाची पडताळणी, शस्त्राचा क्रमांक परवान्याशी जुळतो का ती तपासणी. राज्याबाहेरच्या क्षेत्राचं प्रकरण तिथून मंत्रालयात गृह विभागाकडे जातं, म्हणून वेळ आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजा.

बहुतेक अर्ज अडतात ते कारणाच्या रकान्यात. 'व्यवसायानिमित्त प्रवास' एवढंच लिहिलं तर नकार जवळजवळ ठरलेला. सुरतच्या शाखेची किंवा भागीदारीची जीएसटी नोंदणी, मालाची चलनं, मागच्या वर्षभरातल्या फेऱ्यांचे फास्टॅगचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रं, आणि धमकी किंवा लुटीच्या प्रयत्नाची तक्रार केलेली असेल तर त्या एनसीची (अदखलपात्र नोंदीची) किंवा एफआयआरची प्रत जोडा. फेऱ्या किती, मार्ग कोणता, सोबत साधारण किती किमतीचा माल, हे एका पानात तारखांसह मांडा. अहवाल लिहिणाऱ्या अंमलदाराला हे पान फार उपयोगी पडतं, कारण त्यालाही वर 'गरज आहे' असं लिहायला आधार लागतो.

दुसरी चूक म्हणजे सरसकट 'ऑल इंडिया' मागणं. अखिल भारतीय वैधतेसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१० च्या धोरणात ठरावीक वर्ग दिलेत: केंद्रीय मंत्री आणि खासदार, सैन्य व निमलष्करी दलांचे लोक, अखिल भारतीय सेवेतले अधिकारी, देशात कुठेही बदली होऊ शकणारे अधिकारी, आणि खेळाडू. व्यापारी त्यात बसत नाही. तुम्हाला गुजरात हवंय, गुजरातच मागा. शेजारचं राज्य, ठरलेला मार्ग आणि कागदोपत्री गरज असेल तर फाइल भक्कम राहते. सिल्वासा किंवा दमणलाही माल देत असाल तर ते स्पष्ट लिहा. वापीहून दमणकडे वळलात की गुजरातची हद्द संपते, तो केंद्रशासित प्रदेश आहे, आणि 'गुजरात' या शब्दात तो येत नाही.

मंजुरी आली की दोन ठिकाणी बघा: परवान्यावर नोंद, सही, शिक्का, आणि डेटाबेसमध्ये तीच नोंद. एकीकडे चढली आणि दुसरीकडे राहिली असं होतं, आणि रात्री नाक्यावर ते समजावत बसता येत नाही. नोंदीखाली वाढीव क्षेत्राची वेगळी मुदत दिली असेल तर तीही वाचा. परवाना आता ५ वर्षांचा असतो, पण वाढीव क्षेत्र नूतनीकरणात आपोआप पुढे चालू राहील असं धरून चालू नका. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधी करताना क्षेत्राची मागणी पुन्हा लिहा.

झवेरीबाजार_पेढी

मनापासून आभार. म्हणजे तोवर शस्त्र घरीच. मंजुरी मिळाल्यावर कमरेला उघडं लावलं तर नाक्यावर दिसेल तरी, की झाकायचं? आणि विमानाचं कसं?

कलम_तीन

झाकायचंच. २०१६ च्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच खास पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात राहील असं असावं लागतं. शर्टाखाली होल्स्टर ठीक. पट्ट्यात नुसतं खोचलेलं, गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली ठेवलेलं, हे नको. नाक्यावर विचारलं तर हात दिसतील असे ठेवून आधी तोंडानं सांगा, मग मूळ परवाना द्या. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ नुसार पोलीस तो मागू शकतात. फोटोकॉपीवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नका.

निघण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. गुजरातमध्ये निवडणूक जाहीर झाली असेल किंवा तिथल्या जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश असेल, तर क्षेत्रात गुजरात असूनही शस्त्र नेता येत नाही. असे आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालीही निघतात.

सहार_कार्गो

विमानाबद्दल. क्षेत्रात गुजरात आल्याशिवाय विमानतळावर शस्त्र आणूच नका, तिथे परवाना ओळीओळीनं वाचला जातो.

तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा, सगळ्या शस्त्र घेत नाहीत आणि शुल्कही वेगळं. साधारण नियम असा की एका प्रवाशाला एक शस्त्र आणि ५० काडतुसं, फक्त चेक-इन सामानात. शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या पॅकिंगमध्ये. काउंटरवर बॅग देण्याआधी जाहीर करायचं, फॉर्म भरायचा, तपासणी होऊ द्यायची. नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा.

खरी अडचण होते ती शस्त्र नसलेल्या फेरीत. जॅकेटच्या आतल्या खिशात किंवा लॅपटॉप बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस एक्स-रेमध्ये दिसतं आणि थेट पोलिसांकडे जातं. नकळत राहिलेल्या काडतुसाच्या प्रकरणांत न्यायालयांनी, जाणीवपूर्वक बाळगलेलं नव्हतं या मुद्द्यावर, गुन्हे रद्द केलेत. पण त्यासाठी वकील, तारखा आणि हुकलेलं विमान. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. घरी काडतुसं मोजून ठेवा, म्हणजे एक कमी भरलं तर निघण्याआधीच कळेल.

झवेरीबाजार_पेढी

शेवटचं एक. सुरतला मुक्काम असेल तर शस्त्र हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या लॉकरमध्ये ठेवलं तर?

परवाना_शाखा_माहितगार

नको. रिसेप्शनवाल्याकडे परवाना नाही, आणि लॉकरची दुसरी किल्ली त्याच्याकडे. म्हणजे ताबा त्याला दिला. ड्रायव्हर आणि नोकराच्या बाबतीतही हेच. घरी ठेवून जाल तेव्हाही कपाटाची किल्ली मुलाकडे देऊ नका. रोज अंगावर ठेवणं शक्य नसेल आणि मुक्काम लांबणार असेल, तर निघण्याआधी मुंबईतच सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे शस्त्र जमा करा आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहून घ्या.