येवल्यात पैठणीचा चौक: हवा की नको?

काठपदर: येवल्यात शिरलं की पैठणीच्या पाट्याच पाट्या, पण गाव मात्र इतर कुठल्याही तालुक्याच्या गावासारखं. एक चौक तरी पैठणीच्या रचनेवर बांधावा असं माझं मत आहे. फायबरचा मोर उभा करून त्याला दिवे लावणं मला अभिप्रेत नाही (निविदा निघाली की तोच येणार, माहीत आहे). फरशीच्या कडेनं नारळी काठ, मधलं अंग मोकळं आणि एका टोकाला भरगच्च पदर, म्हणजे बसायची जागा. पैठणीत नक्षीचा भार काठ-पदरावर असतो. चौकालाही तेच शोभेल.

मागावरचा: काठ फरशीवर? आमच्या घरात पदर पायाखाली येऊ देत नाहीत आणि तुम्ही त्यावरून रिक्षा नेणार! विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. पावसाळ्यात त्या खड्ड्यात ओल येते, कधी पाणीही. आधी बोळातली गटारं करा.

काठपदर: बरं, काठ भिंतीवर घेऊ. पण गटार आणि चौक यांतलं एकच मिळेल, हे कुणी ठरवलं?

मागावरचा: बजेटनं.

गिऱ्हाईक: माझी अडचण तिसरीच आहे. चौक सजला की गर्दी वाढेल आणि फावेल ते यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकणाऱ्याचं. हातमागावर नक्षीतल्या प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी असते आणि रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवतात. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. नकलेच्या पाठीवर बहुधा सुटे किंवा कापलेले धागे सापडतात. चौकात दोन काचांमध्ये खरा पदर लावा, शेजारी नक्कल. लोकांना मागे जाऊन बघू द्या. नुसत्या शोभेसाठी असेल तर माझा विरोध.

जुनी_जर: येवल्याच्या उन्हात रेशीम? रंग उडालेला पदर दाखवून कोण खरेदी करणार? त्यापेक्षा दगडी जाळी करा, असावली, म्हणजे पैठणीवरची फुलावेलींची नक्षी, दोन्ही बाजूंनी सारखी कोरलेली.

गिऱ्हाईक: जाळीवरून कुणाला साडी पारखता येणार? नमुने छपराखाली ठेवा.

मागावरचा: कल्पना बरी आहे. पण नगरपालिकेला नकाशा देताना त्यात बोळापर्यंतच्या गटाराची रेघ काढा. ती नसेल तर निवेदनावर माझी सही मिळणार नाही.